बारा खिळे आणि एक गढी

फोटो काढण्याचा नाद मला कधीच नव्हता. माझा सगळा जीव गुंतला होता तो फोटोच्या खालच्या ओळीत.

झालं असं, की अठ्ठ्याहत्तर साली दिवाळी आटोपल्यावर प्रताप नगरातल्या आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर एक सूचना लागली. ‘विदर्भातील जुन्या वास्तू व देखावे : छायाचित्रांचे प्रदर्शन. प्रत्येकी बारा छायाचित्रे. छायाचित्राखालील मजकूर ज्याचा त्याने स्वहस्ताक्षरात लिहावा.’ मी तिथे वर्तमानपत्र वाचायला गेलो होतो, पण ते राहिलंच. ‘स्वहस्ताक्षरात’ या शब्दापाशी मी थांबलो, घरी गेलो, परत आलो आणि तो शब्द अजून तिथेच आहे याची खात्री करून घेतली.

अक्षर मला उशिरा आलं. रात्रीच्या वर्गात मी अ-आ-इ गिरवत होतो तेव्हा माझी मुलगी तिसरीत होती. आम्ही दोघं एकाच कंदिलाखाली बसायचो. पण उशिरा शिकण्याचा एक फायदा असतो. लहानपणी घाईघाईने अक्षर बिघडवण्याची जी वर्षं असतात, ती माझ्या वाट्याला आलीच नाहीत. कचेरीत दफ्तरी म्हणून मी शेवटची वीस वर्षं फायलींच्या पाठीवर नावं लिहिली. साहेब बदलले, टेबलं बदलली, पण फायलींच्या पाठी बदलल्या नाहीत. मात्र फायलींच्या पाठी कपाटात भिंतीकडे तोंड करून असतात. आपलं अक्षर चारचौघांनी भिंतीवर उभं राहून वाचावं, असा योग कधी आला नव्हता.

मी सुमतीबाईंना नाव दिलं. सुमतीबाई वाचनालय सांभाळत. कडक बाई, पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं तर त्यांना दुमडणाऱ्याचं घराणं आठवे. त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. तेवढ्यात आमचे शेजारी मनोहरराव म्हणाले, “धोंडबाजी, तुम्ही? फोटो?”

मनोहरराव निवृत्त ओव्हरसिअर. आमच्या घराच्या पायापासून ते माझ्या खोकल्यापर्यंत सगळ्यावर त्यांचं मत तयार असे.

“हो जी, मी.”

“काढा बाप्पा, काढा. पण खालच्या ओळी आमच्या लतिकेकडून लिहून घ्या. सून आहे म्हणून नाही सांगत, पण शाळेत शिकवते, मोत्यासारखं अक्षर आहे. तुमचं म्हणजे कसं, फायलीवर ठीक.”

हे ‘फायलीवर ठीक’ मला इथे, बरगडीच्या खाली लागलं. वाचनालयात पाच माणसं बसली होती. त्या पाचही जणांना ऐकू जाईल असं मी म्हणालो, “बारा फोटो, बारा ओळी, आणि हात माझा. सुमतीबाई, खिळे ठोकून ठेवा!”

सुमतीबाईंना अलंकारिक बोलणं समजत नसे. त्यांनी त्याच संध्याकाळी खिळे ठोकले. बरोबर बारा, सुताने ओळ धरून, दाराच्या समोरच्या भिंतीवर. बाकीच्यांच्या भिंती कोऱ्या होत्या. माझ्या भिंतीवर बारा खिळे बाहेर आले होते, आणि रोज वर्तमानपत्र उघडलं की त्याच्या वरच्या कडेतून ते माझ्याकडे बघत.

आता कॅमेरा पाहिजे. तो जावयाकडे होता. काळा डब्यासारखा, पुढे एक डोळा, मागे एक लाल काचेची खिडकी, तीत फोटोचा आकडा दिसे. तो त्याने दिला, पण देताना त्याचा चेहरा मुलगी देताना माझा झाला होता तसा झाला. बुटीबोरी रोडवरच्या एका बारक्या स्टुडिओतल्या गिरिधरने रोल घातला आणि मला तीन गोष्टी शिकवल्या. सूर्य पाठीशी ठेवायचा, दाबताना श्वास धरायचा आणि मोठी इमारत असली तर बाजूला एक माणूस उभा करायचा. “म्हणजे काका, मोठी किती ते कळते. माप म्हणून.” ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती माझ्या अंगावर येणार आहे.

सल्ल्यांना तर ऊत आला. ताजबाग घ्या, सीताबर्डीचा किल्ला घ्या, रामटेकला जा. मनोहररावांनी वहीत एक नकाशाच काढून दिला आणि प्रत्येक इमारतीपुढे तिचा चुना कुठे चुकला आहे ते लिहिलं. मी मान हलवत राहिलो. माझा विचार पक्का होता. ज्या इमारतीचा फोटो नागपुरात कुणी पाहिला नाही, अशी इमारत मला ठाऊक होती. काटोलच्या पलीकडे खापरदरा नावाचं गाव आहे. तिथे माझ्या बायकोचा, प्रेमिलाचा भाऊ बळीराम संत्र्याची बाग करतो. गावाच्या टोकाला गोंडकाळची एक गढी आहे. दगडी कमान, दोन बुरूज, आणि दरवाज्याच्या डाव्या अंगाला दगडात कोरलेला हत्ती. हत्तीने एक पाय वर उचलला आहे आणि सोंडेत फूल धरलं आहे. लग्नात मी तो पहिल्यांदा पाहिला होता, आणि नवरीपेक्षा जास्त वेळ पाहिला असं प्रेमिला अजून म्हणते.

बसमध्ये मी कॅमेरा मांडीवर धरून बसलो. खिडकीतून दिसेल ते सगळं मला फोटोसारखं दिसू लागलं होतं. नाला, पुलाखालची म्हैस, बाभळीवर वाळत घातलेली लुगडी. मी डोळे बारीक करून प्रत्येकाची चौकट धरत होतो.

“अवो, डोळ्यात काही गेलं का जी?” प्रेमिलाने विचारलं.

“देखावा पाहून राहिलो.”

“मंग दोन्ही डोळ्यानं पाहा ना.”

खापरदऱ्यात उतरलो आणि गावात पाय ठेवण्याआधीच पटवारी भेटला. त्याने आधी माझ्या गळ्यातल्या डब्याकडे पाहिलं, मग मला विचारलं, “काय काढता?”

“गढीचा फोटो.”

“कोणाच्या हुकमानं?”

“वाचनालयाच्या,” मी म्हणालो. माझ्याजवळ दुसरा हुकूम नव्हता.

“असं नाही चालत, जी. गढीचा वाद कोरटात आहे. काटोलहून परवानगी आणा.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी काटोलला. बाजारात संत्र्यांचे ढीग लागले होते, उन्हात नुसता भगवा रंग पेटला होता, आणि माझ्या हातात कॅमेरा असूनही मी कचेरीच्या पायऱ्या चढत होतो. कोणती कचेरी ते सांगत नाही. सांगून माझं काही वाईट होणार नाही, पण तिथे माझ्या ओळखीचा एक माणूस अजून नोकरीत आहे.

तिथल्या बाबूने माझा अर्ज दोनदा वाचला. “कोणती वास्तू?”

“खापरदऱ्याची गढी.”

“ती वास्तू आहे हे कशावरून?”

“उभी आहे साहेब. तीनशे वर्षं झाली.”

“तसं नाही. अर्जासोबत वास्तूचा फोटो जोडा.”

मी कॅमेरा टेबलावर ठेवला. “साहेब, फोटो काढायचीच परवानगी मागून राहिलो.”

“ते खरं. पण फोटोशिवाय अर्ज अपूर्ण.”

माणसाने जन्मभर कागदांत काम केलं असलं, की अशा वेळी तो भांडत नाही. मी नम्रपणे म्हणालो, “मग अपूर्ण अर्जाची पोच तेवढी द्या.” बाबूला ते आवडलं. त्याने कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘अर्ज अपूर्ण’ लिहिलं आणि मधोमध जांभळ्या शाईचा गोल शिक्का असा मारला की टेबल हललं.

तो कागद मी पटवाऱ्याला दाखवला. गोल शिक्क्याच्या आजूबाजूला काय लिहिलं आहे ते आजवर कुणी वाचलेलं मी पाहिलं नाही. पटवाऱ्यानेही वाचलं नाही. तो एकदम मऊ झाला. “आधी सांगायचं ना साहेब,” म्हणाला. मी साहेब झालो ते मला चढलं. मी पुढे काही बोललो नाही. माझी पहिली चूक हीच.

मागच्या वर्षी शेजारच्या गावात धरणाच्या मोजणीला माणसं आली होती. ज्याचं घर, ज्याची विहीर, त्याने त्याच्यासमोर उभं राहायचं, हातात पाटी धरायची, पाटीवर नाव, बापाचं नाव आणि जमिनीचा खसरा नंबर. फोटो निघाला की भरपाईच्या यादीत नाव. आता खापरदऱ्यात एक साहेब उतरला होता, त्याच्या गळ्यात कॅमेरा होता, खिशात गोल शिक्का होता आणि तो बळीरामच्या घरचा सगळ्यात मोठा जावई होता. गावाने रात्रीतून हिशोब जुळवला.

सकाळी मी चूळ भरायला बाहेर आलो तर बळीरामच्या अंगणात माणसांची रांग. प्रत्येकाच्या हातात शाळेची पाटी.

“भाऊजी,” बळीराम कानाशी लागून म्हणाला, “तुमी बोलले काहून नाही मले?”

“अरे, मी मोजणीचा नाही! मी वाचनालयाचा आहे!”

हे मी मोठ्याने रांगेलाही सांगितलं. रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, “मोठे साहेब असंच म्हणतात. येताच सांगून टाकतील काय?” जितकं मी नाही म्हटलं तितकी रांग वाढली. शेवटी एक बाई पुढे आली आणि पाटी माझ्यासमोर धरून म्हणाली, “साहेब, मले लिहिता येत नाही. नाव तुमीच लिहून द्या.”

आता सांगा, मी काय करावं? कुणी मला पाटी द्यावी, खडू द्यावा आणि लिहा म्हणावं! मी ओट्यावर बसलो आणि लिहिलं. ‘अंजनाबाई महादू’. वेलांटी जरा झोकदार आली. बाईने ती पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि सगळ्यांना दाखवली. मग काय, ज्यांना लिहिता येत होतं त्यांनीही स्वतःचं लिहिलेलं थुंकीने पुसलं आणि रांगेत लागले. दुपारपर्यंत मी एकतीस पाट्या लिहिल्या. ऊन चढलं, उतरायला लागलं, सूर्य पाठीशी होता तो पोटाशी आला. मी आलो होतो फोटो काढायला, याची आठवण मला प्रेमिलाने करून दिली.

“खडूनं डोकं पांढरं झालं जी तुमचं. आदीच काय कमी होतं?”

मी उठलो. विहिरीकडे गेलो. जुनी, दगडी पायऱ्यांची सुरेख विहीर. कॅमेरा डोळ्याला लावला तर तीन कुटुंबं पाट्या घेऊन काठावर. “बाजूला व्हा,” म्हटलं. ते एक पाऊल बाजूला झाले. दुसऱ्या बाजूने दुसरे आले. मी दाबलं. बुरुजाकडे वळलो, बुरुजावर बकऱ्यांसकट माणसं चढली. टेकडीवरून बागांचा देखावा घ्यावा म्हटलं, तर प्रत्येक झाडाखाली त्याचा मालक झाडाला हात लावून उभा. चिंचेचं झाड घेतलं त्यात झाडापेक्षा माणसं रुंद. मी दर वेळी मनात म्हणायचो, हा गेला तर जाऊ द्या, पुढचा नुसत्या इमारतीचा घेऊ. लाल खिडकीत आकडे पुढे सरकत होते. तीन, पाच, आठ, दहा.

शेवटी गढी. दरवाज्यासमोर लहानू आणि नत्थूजी उभे होते. दोघं चुलत भाऊ, दोघंही साठीचे, दोघांच्या मिशा सारख्याच. गढी कोणाची यावर त्यांच्या बापांनी कोरटात दावा लावला होता आणि दावा अजून चालू होता. लहानूने कमानीच्या उजव्या खांबाला हात लावला होता. नत्थूजी डाव्या खांबाला चिकटून, बरोबर हत्तीच्या पुढ्यात.

“साहेब, माझा एकट्याचा घ्या,” लहानू म्हणाला.

“तुह्या एकट्याचा काहून?” नत्थूजी उसळला. “गढी माह्या आज्याची!”

“तुहा आजा इथं बैल बांधत होता गा, बैल!”

“बांधत होता म्हणजे मालक होता! दुसऱ्याच्या गढीत कोणी बैल बांधते काय?”

मी मध्ये पडलो. जन्मभर दोन साहेबांच्या मधून फायली नेल्या आहेत. मला वाटलं आपल्याला जमेल. “हे पाहा, तुम्ही दोघंही बाजूला व्हा. मी नुसती गढी घेतो.”

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांनी एकमेकांकडे नीट पाहिलं.

“नुसती गढी?” लहानू म्हणाला.

“बिनमालकाची?” नत्थूजी म्हणाला.

“म्हणजे सरकारजमा!” दोघं मिळून ओरडले.

तेव्हा मला कळलं, या गावात कोणतीही वस्तू मला रिकामी का मिळत नव्हती. ज्याच्या फोटोत माणूस नाही ते सरकारचं. मग लहानूने आपली बायकामुलं बोलावली. नत्थूजीने आपली बोलावली. लहानूने सुना बोलावल्या, तर नत्थूजीने व्याही आणले. मी मोजली, चौतीस माणसं. त्यांच्या मागे कुठेतरी तीनशे वर्षांची कमान असावी. मी श्वास धरला आणि दाबलं. अकरा.

एकच फोटो उरला. त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हणजे कमी जेवलो. प्रेमिला म्हणाली, “पहाटे चला. पहाटे कोणी नसते.”

फटफटलं तेव्हा आम्ही दोघं गढीसमोर होतो. आणि काय सांगू! कोणी नव्हतं. एक कुत्रंसुद्धा नव्हतं. सूर्य माझ्या पाठीमागून वर आला आणि कमानीचा एकेक दगड जागा झाल्यासारखा दिसू लागला. हत्तीच्या सोंडेतल्या फुलावर ऊन पडलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

“अवो,” प्रेमिला हळूच म्हणाली, “रिकामी नका घेऊ. खरंच त्या दोघांचं काही नुकसान झालं तर?”

“मी मोजणीचा नाही, हे तुला तरी ठाऊक आहे ना?”

“आहे जी. पण शिक्का तर आहे तुमच्याजवळ.”

मी तिला समजावणार होतो. पण मला गिरिधरची तिसरी गोष्ट आठवली. मोठी इमारत असली की माप म्हणून एक माणूस. आणि विचार केला तर ते बरोबरच होतं. माणूस नसला तर कमान किती उंच ते नागपूरकरांना कसं कळणार? आणि तो माणूस असा पाहिजे की ज्याचा गढीवर दावा नाही. असा माणूस त्या शिवारात एकच होता. मी कॅमेरा तिच्या हातात दिला, कुठे बघायचं, कुठे दाबायचं ते सांगितलं, आणि जाऊन उभा राहिलो. केवळ माप म्हणून. टोपी तेवढी नीट केली. कोटाची गुंडी लावली. पोट जरा आत घेतलं, पण ते थंडी होती म्हणून.

“हसा थोडं,” प्रेमिला म्हणाली. मापाला हसायची गरज नसते, तरी मी हसलो. खट्ट वाजलं.

निघताना गाव सोडायला आलं. सभ्यपणा म्हणून, जसं आपण म्हणतो तसं, मी म्हणालो, “फोटो नागपुरात भिंतीवर लागतील. पाहायला या.” तारीखही सांगितली.

गिरिधरने रोल धुतला. ओले फोटो दोरीवर टांगून तो बराच वेळ बघत राहिला. “काका, याच्यात गढी कुठं आहे?”

“मागे आहे.”

“मागे कुठं?”

“माणसांच्या.”

त्याने भिंग लावून पाहिलं. “पण पाट्यांवरचं अक्षर मात्र एक नंबर आलं, बाप्पा! शिरोरेघ न शिरोरेघ वाचता येते. लेन्स चांगली आहे.”

“लेन्स नाही,” मी म्हणालो, “अक्षर चांगलं आहे.” पण आवाजात जोर नव्हता. अकरा फोटोंत इमारत नाही. बाराव्यात पूर्ण गढी आली होती, कमान, दोन्ही बुरूज, सगळं झकास. पण दरवाज्याच्या डाव्या अंगाला एक माणूस पोट आत घेऊन हसत उभा होता, आणि जिथे हत्ती असायला हवा तिथे त्याचा कोट होता.

दोन दिवस मी वाचनालयाकडे फिरकलो नाही. मनोहरराव रोज विचारत, “धोंडबाजी, झाले का बारा?” त्यांच्या आवाजात काळजी इतकी असे की राग यावा. खिळे काढून घ्या म्हणून सांगावं असंही मनात आलं. मग तिसऱ्या दिवशी मी कोरी पोस्टकार्डं आणली, बोरू धुतला, टाक झटकला, आणि ठरवलं. फोटोत जे आलं नाही ते खाली लिहायचं.

पहिल्या कार्डावर लिहिलं : ‘या तीन कुटुंबांच्या मागे दगडी विहीर आहे. एकवीस पायऱ्या. सातव्या पायरीवर दिवा ठेवायला कोनाडा असून त्यात चिमणीचं घरटं आहे.’ चौथ्यावर : ‘बकऱ्या बुरुजावर आहेत. बुरुजाला वरून खालपर्यंत एकही भेग नाही.’ अकराव्यावर : ‘या चौतीस माणसांनी झाकलेली कमान एकाच मापाच्या सतरा दगडांची आहे. नत्थूजींच्या मागे हत्ती आहे. हत्तीच्या सोंडेत फूल आहे, एक पाय वर उचललेला आहे.’ लिहिता लिहिता मला सगळं परत दिसू लागलं आणि मी अधूनमधून उठून येरझारा घालू लागलो. बाराव्यावर लिहिलं : ‘खापरदऱ्याच्या गढीचा दरवाजा. माप म्हणून एक माणूस उभा आहे. हत्ती माणसामागे आहे.’

प्रदर्शनाच्या दिवशी माझ्या भिंतीपुढे पहिल्यांदा मनोहररावच आले. फोटो पाहिले, मान तिरपी केली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हे जुन्या वास्तूंचं आहे का जनगणनेचं?” वाचनालय हसलं. सुमतीबाईसुद्धा हसल्या, आणि त्या पुस्तक फाटल्याशिवाय तोंड उघडत नसत. माझे कान तापले. खाली काय लिहिलं ते कुणी वाचलंच नव्हतं.

तेवढ्यात दारात गलका झाला. खापरदरा आलं होतं. बळीराम पुढे, मागे लहानू, नत्थूजी, अंजनाबाई, एकूण बावीस माणसं आणि संत्र्याच्या दोन टोपल्या. बोलावलं की येतात, ही आमच्याकडची पद्धत मी विसरलो होतो.

“साहेब, यादी लागली काय?” लहानूने विचारलं.

सुमतीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं, की हे वाचनालय आहे, यादी नाही, धरण नाही, साहेब कुणी नाही. माझ्याकडे बघून ‘साहेब कुणी नाही’ हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला वाटलं आता टोपल्या डोक्यात बसणार. पण अंजनाबाई भिंतीकडे बघत होती. “मंग हा फोटो सरकार नाही घेत?”

“नाही,” मी म्हणालो.

“मंग मले देऊन टाका.”

आणि तिने खिळ्यावरून आपला फोटो काढून पदराखाली घेतला. झालं. विहीरवाले आले, बकऱ्यावाले आले, चिंचेखालचे आले. ज्याचा त्याने आपला फोटो उतरवला. अकराव्यासाठी लहानू आणि नत्थूजीची ओढाताण झाली, तेव्हा गिरिधरकडून दुसरी प्रत आणून देतो असं मी वचन दिलं. पाच मिनिटांत अकरा रिकाम्या खिळ्यांखाली फक्त माझी कार्डं उरली.

आता बारावा. लहानू त्याच्यासमोर थांबला. नत्थूजी आला. दोघांनी फोटो पाहिला, मग मला पाहिलं.

“भाऊ,” लहानू नत्थूजीला म्हणाला. चाळीस वर्षांनी म्हणाला. “हा तर गढीपुढे एकटा उभा आहे.”

“पाहून राहिलो ना. हसून बी राहिला.”

“तिसरा दावा!”

मी शपथा घेतल्या. मी माप आहे म्हणून सांगितलं. प्रेमिलाने टोपी नीट केल्याचं सांगितलं, ते सांगायला नको होतं. शेवटी नत्थूजी म्हणाला, “तोंडानं नाही चालत. लिहून द्या.”

सगळं वाचनालय भोवती गोळा झालं. टाक माझ्या खिशात होता. दौत मनोहररावांनी धरली, कारण तेच जवळ उभे होते. मी बारावं कार्ड भिंतीवरच दाबून धरलं आणि उरलेल्या जागेत सावकाश, एकही अक्षर न हलू देता लिहिलं : ‘सदर माणसाचा गढीवर अथवा हत्तीवर कोणताही हक्क नाही.’ टाकाचा आवाज ऐकू येत होता. खाली लहानूने अंगठा लावला आणि नत्थूजीने सही केली. एकाच कागदावर त्या दोघांनी हात उमटवल्याचं गावातल्या कुणाला आठवत नव्हतं.

ते गेले. संत्री वाटली गेली. आणि मग लोक भिंतीपाशी थांबू लागले. रिकाम्या खिळ्यांखाली काय आहे ते वाचू लागले, एकवीस पायऱ्या, कोनाडा, चिमणी, सतरा दगड. एक जण दुसऱ्याला बोलावत होता. मनोहरराव हात मागे बांधून पहिल्यापासून अकराव्यापर्यंत गेले, परत पहिल्यापाशी आले, आणि चुन्याबद्दल काहीही न बोलता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेलो तर त्यांची सून लतिका भिंतीसमोर वही घेऊन बसलेली. एकेक कार्ड उतरवून घेत होती.

“मुलांना शुद्धलेखनाला घालते, काका,” ती म्हणाली. “इथे आणून, अक्षर असं काढा म्हणून दाखवायलाही बरं पडेल.” मनोहरराव दारातून बाहेर रस्त्याकडे फार लक्ष देऊन बघत होते.

मी खुर्ची ओढली. आयुष्यात पहिल्यांदा मला वर्तमानपत्राची गरज वाटली नाही.

“एक राहिलं काका,” लतिका वहीतून मान वर करून म्हणाली. “मुलं विचारतील. हत्तीचा वर उचललेला पाय कोणता, डावा का उजवा?”

मी डोळे मिटले. कमान दिसली, ऊन दिसलं, प्रेमिला कॅमेरा धरून दिसली. पाय काही दिसेना.

“ते सांगता नाही येणार,” मी म्हणालो. “त्या वेळी हत्तीकडे माझी पाठ होती.”